दुर्बिणीचं कपाळ

खंडेनवमीच्या सकाळी देवघरासमोरच्या पाटावर तेरा वस्तू होत्या. चार खुरपी, दोन विळे, एक कुऱ्हाड, पाण्याच्या मोटारीचा पाना, शिवणाची मोठी कात्री, वडलांची, म्हणजे आप्पांची, जुनी तागडी, एक लॅपटॉप आणि दोन दुर्बिणी. अंगणातली मोटारसायकल आणि कडबा कापायचं यंत्र आत आणता येत नव्हतं, त्यांची पूजा जागेवरच व्हायची. ती दोन धरली तर पंधरा. शिवरंजनीनं हे मोजलं, कारण कुठंही बसली की ती आधी मोजून घ्यायची. तळ्यावर पक्षी मोजता मोजता लागलेली खोड होती ती.

पण मोजून झाल्यावरही तिची नजर फिरून फिरून तेराव्या वस्तूवर यायची. हिरवट रबराच्या अंगाची ती नवी दुर्बीण तिची नव्हती, वैनीची होती. निवडली मात्र तिनं होती.

शिवरंजनीचं एमएस्सी सोलापूरला झालं होतं, भौतिकशास्त्रात. आता ती सास्तूरच्या घरी राहून लोहाऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिकांवर शिकवत होती. थोरला भाऊ शंभुलिंग, म्हणजे तिचा अण्णा, लोहाऱ्यातच बी-बियाण्याचं दुकान चालवायचा. दोघा बहीणभावांना पाखरांचं वेड शाळेपासूनचं. दर रविवारी दिवस उगवायच्या आत अण्णाची मोटारसायकल निघायची ती माकणी धरणाच्या फुगवट्याला जाऊन थांबायची. मागच्या सीटवर रंजू, तिच्या गळ्यात जुनी दुर्बीण. तिनं बघायचं, बोलायचं, अण्णानं लिहायचं. थंडीत चहाचा थर्मास एकच असायचा आणि त्याचं झाकण हाच कप. एवढंच ते सगळं. पण आठवड्यातले बाकीचे सहा दिवस शिवरंजनी त्या एका सकाळच्या हिशेबानं काढायची.

मे महिन्यात अण्णाचं लग्न झालं. हर्षाली लातूरची, बीकॉम झालेली, चष्मा लावणारी, हसरी. जूनच्या पहिल्या रविवारी ती उठून, वेणी घालून, बूट चढवून दारात उभी होती.

"मीबी येऊ का?" तिनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आधी अण्णानं गाडी तिच्यापुढं आणून उभी केली होती.

तेव्हापासून शिवरंजनी आपल्या स्कुटीवर मागून जायची. पुढच्या गाडीची धूळ खायची. थर्मासचं झाकण आता आधी वैनीकडं जायचं. तिनं हे घरी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण अव्वाला, म्हणजे आईला, बोलून दाखवायची गरज नव्हती. भाकरी थापता थापता ती एकदा सहज म्हणाली होती, "लगीन झालेल्या पोराच्या गाडीवर मागची सीट बहिणीची ऱ्हात न्हाय, रंजे. तू तुझी सीट बघ आता."

शिवरंजनी त्यावर दोन दिवस अव्वाशी बोलली नव्हती.

गणपती उठले त्या आठवड्यात अण्णा तिच्या खोलीत आला. हर्षालीचा वाढदिवस होता. जुन्या दुर्बिणीतून तिला धड दिसत नव्हतं. डोळ्यावर चष्मा असला की त्या दुर्बिणीत मधला रुपयाएवढा गोल तेवढा दिसायचा, भोवती सगळा काळोख. अण्णाला तिच्यासाठी वेगळी दुर्बीण घ्यायची होती. बारा-पंधरा हजारांच्या आतबाहेर, लई महाग न्हाय आन् अगदीच जत्रेतलीबी न्हाय. यातलं तुला कळतंय, तूच निवड, असं म्हणून तो गेला.

शिवरंजनीची जागा जी घेणार होती, तिचे डोळे आता शिवरंजनीनंच निवडायचे होते.

तिघं एसटीनं सोलापूरला गेली. कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर दुकानदारानं पाच दुर्बिणी मांडल्या. शिवरंजनी कामाला लागली तेव्हा मात्र ती सगळं विसरली. तो तिचा स्वभावच होता. प्रत्येक दुर्बीण हातभर लांब धरून ती डोळ्यांकडच्या काचांतले उजेडाचे गोल बघायची. गोल पुरे वाटोळे असले तर आतले लोलक चांगले. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर काटकसर केलेली. एकीत ते चौकोनी निघाले. दुसरीतून रस्त्यापलीकडच्या विजेच्या तारेला जांभळी किनार दिसली. तिसरीत दोन डोळ्यांची चित्रं नीट एकावर एक बसत नव्हती. दुकानदार म्हणाला सवय होते, ती म्हणाली डोकं दुखतं. राहिल्या दोन, एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या. एक दहापट मोठं दाखवणारी, एक आठपट.

"दहाची घे की," अण्णा म्हणाला. "पैसे तेवढेच हायत तर कमी कशाला घ्यायची?"

इथं शिवरंजनी थांबली. दोन्ही खोक्यांवरचे आकडे तिनं वाचले होते. काचेपासून डोळा किती दूर असला तरी पुरतं दृश्य दिसतं, ते अंतर दहाच्या दुर्बिणीचं बारा मिलिमीटर होतं, आठच्या दुर्बिणीचं अठरा. चष्मा लावणाऱ्याचा डोळा चष्म्याच्या जाडीमुळं मागंच राहतो. तिनं पर्समधली छोटी पट्टी काढली आणि वैनीच्या कानशिलाशी धरली. इतक्या जवळून तिनं हा चेहरा कधी बघितला नव्हता. पापण्या लांब होत्या, चष्म्याच्या काचेला टेकायच्या. काचेपासून डोळा चौदा मिलिमीटर भरला. म्हणजे दहाची दुर्बीण घेतली असती तर पुन्हा तोच रुपयाएवढा गोल, तोच काळोख, आणि दोन-चार रविवारांनी कंटाळून वैनी घरी राहिली असती. कुणी शिवरंजनीला बोल लावला नसता. दहाची तर अण्णालाच हवी होती.

"आठची घ्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडा रागच होता. "दहाची हातात लई हलते, आन् वैनीच्या चष्म्याला ती चालत न्हाय."

आकड्यांच्या बाबतीत खोटं बोलणं तिला कधीच जमलं नव्हतं.

हर्षालीनं दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं कबुतर बघितलं आणि ती ओरडायची तेवढी राहिली. पुरतं दिसलं होतं तिला. वळून तिनं नणंदेचा हात दाबला. "रंजूताई, तुम्ही नसता तर ह्यांनी मला दहाची गळ्यात मारली असती बघा."

पुढच्याच रविवारी जे व्हायचं ते झालं. पाण्यात उभ्या वाळक्या खोडावर एक मोठी पांढरट-तपकिरी शिकारी घार बसली होती, डोळ्यावरून काळा पट्टा ओढलेली. मासे धरणारी कैकर. शिवरंजनी तीन हिवाळे तिची वाट बघत होती. त्या दिवशी ती जुन्या दुर्बिणीतून उजवीकडची बदकं बघत होती, आणि डावीकडून वैनीचा शांत आवाज आला, "अहो, ते खोडावर काय बसलंय हो?"

अण्णानं असा काही आनंद केला की जणू कैकर हर्षालीनंच अंड्यातून काढली. येताना तो तीनदा म्हणाला, पहिल्याच आठवड्यात, पहिल्याच आठवड्यात. शिवरंजनीनं स्कुटी मुद्दाम बरीच मागं ठेवली, म्हणजे चौथ्यांदा ऐकू येऊ नये.

तर त्या खंडेनवमीला पाटावर ही नवी दुर्बीण होती. आदल्या दुपारी शिवरंजनीनंच ती कपाटातून काढून गच्चीवर नेली होती, घारी बघायला. तिनं निवडलेली वस्तू तिच्या जुन्या दुर्बिणीपेक्षा किती उजळ आहे हे तिला पुन्हा एकदा बघायचं होतं. बघितलं, मन आणखी खट्टू झालं, आणि तिनं दुर्बीण तशीच आणून ठेवली. पुढच्या मोठ्या भिंगांवरची झाकणं गच्चीच्या कठड्यावरच राहिली. ते मुद्दाम नव्हतं.

अव्वा पूजेला बसली. त्यांच्या घरात खंडेनवमीला प्रत्येक हत्याराला विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढायचे, मग कुंकवाचं बोट, मग फूल. अव्वा विभूतीची वडी ओल्या बोटांनी चोळून घ्यायची आणि वस्तूचं कपाळ कुठं ते ठरवून पट्टे ओढायची. विळ्याचं कपाळ मुठीशी, कात्रीचं खिळ्याशी, लॅपटॉपचं झाकणाच्या मधोमध. जुन्या दुर्बिणीला दरवर्षी रंजू झाकणं लावूनच ठेवायची, त्यामुळं पट्टे झाकणांवर पडायचे. नवी दुर्बीण अव्वानं उचलली, उलटसुलट केली, आणि दोन मोठी लखलखीत भिंगं तिच्यासमोर आली. यापेक्षा ठळक कपाळ कुठल्या वस्तूला असणार?

शिवरंजनी हातभर अंतरावर फुलं निवडत बसली होती. अण्णा अंगणात गाडी धूत होता. वैनी स्वयंपाकघरात पुरणाची होळगी लाटत होती. अव्वाची तीन बोटं विभूतीत बुडून वर आली. 'अव्वा, थांब' हे दोनच शब्द होते. शिवरंजनीला माहीत होतं, ती राख आहे, शेणाची राख. तिच्यात वाळूचे बारीक कण असतात, म्हणून तर राखेनं भांडी लख्ख निघतात. भिंगावरचा लेप भांड्यापेक्षा कितीतरी नाजूक. हे सगळं तिच्या डोक्यात नीट, क्रमानं आलं. आणि ती शेवंतीच्या देठांकडं बघत राहिली.

अव्वानं एका भिंगावर तीन पट्टे ओढले. मग दुसऱ्यावर.

निदान तेव्हा काही बिघडलं नव्हतं. पाण्याची धार सोडली असती तर सगळं वाहून गेलं असतं. पण पूजेला लावलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, अशी रीत. दुसऱ्या दिवशी हर्षालीनं दुर्बीण उचलली तेव्हा विभूती वाळून काचेला धरली होती. तिनं आधी दुर्बिणीला नमस्कार केला. मग नव्या साडीचा कोरडा पदर बोटाला गुंडाळून ती भिंगं पुसायला लागली, गोल गोल, मन लावून, जरा जोरानंच, कारण निघत नव्हतं. शिवरंजनी समोरच्या खाटेवर होती. कोरडं पुसू नका, असं ती रोज वर्गात भिंगं हाताळणाऱ्या पोरांना सांगायची.

"निघालं का?" तिनं विचारलं.

"निघालं की," वैनी म्हणाली. "बघा, कसं चमकतंय."

त्यानंतरचे काही रविवार शिवरंजनी वाट बघत राहिली, आणि आपण कशाची वाट बघतोय हे स्वतःला विचारायचं तिनं टाळलं. दिवाळी झाली, थंडी पडली. फुगवट्यावर पट्टकादंब उतरले; हिमालयापलीकडून येणारे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असणारे रानहंस. ते पाण्याच्या उगवतीकडच्या गाळावर बसायचे, म्हणजे सकाळी बघणाऱ्याच्या तोंडावर ऊन यायचं. एकदा अण्णा गाडीकडं गेलेला असताना हर्षाली हळूच तिच्याजवळ आली.

"रंजूताई, ह्यांना सांगू नका. सूर्याकडं बघितलं की मला सगळं दुधासारखं पांढरं दिसतंय. सावलीत चांगलं दिसतंय. दुर्बीण तर तुम्ही पारखून घेतलेली हाय. माझा नंबर वाढला असंल का?"

शिवरंजनीनं दुर्बीण हातात घेतली आणि भिंग उन्हात तिरकं धरलं. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा होत्या, एकात एक. ऊन थेट पडलं की प्रत्येक रेघ उजेड पसरवणार. पडलं नाही तर कळणारही नाही. तरी तिनं दुर्बीण परत देताना एवढंच सांगितलं की डोळे तपासून घ्या.

वैनीनं लातूरला जाऊन डोळे तपासून घेतले. नंबर वाढला नव्हता. तिनं त्यावर पुन्हा काही विचारलं नाही. फक्त पुढच्या रविवारपासून ती डोक्यावरची ओढणी दुर्बिणीच्या पुढं ओढून घ्यायला लागली, घराच्या ओसरीसारखी, आणि बाभळीच्या सावलीत उभी राहून बघायला लागली. अण्णा तिला हसायचा, नवी नवरी हाय म्हणून पाखरांसमोरबी पदर घेतीया. ती म्हणायची, तुमच्या रानहंसांत सासरे असले तर?

डिसेंबर सरत आला आणि सोलापूरच्या पक्षीमित्रांचा निरोप आला. जानेवारीत सगळ्या तळ्यांवर एकाच सकाळी गणना व्हायची. एका काठाला दोनच माणसं: एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं. जास्त माणसांनी पाखरं उठतात. माकणीच्या या काठाला सहा वर्षं मोजणारी शिवरंजनी होती आणि लिहिणारा अण्णा. निरोप वाचून तिनं वर बघितलं, तर अण्णा मोबाइलकडं बघत होता.

"हर्षालीलाबी आता मोजता येतंय," तो म्हणाला. "दहा-दहाचे घास धरून मोजती. मी शिकवलंय."

"मग मी काय करू?"

"तसं न्हाय गं रंजू. मी आपलं म्हणतोय."

तो आपलं म्हणत होता हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच ते तिच्या जिव्हारी लागलं. भांडण केलं असतं तर तिला भांडता आलं असतं. ती उठून उभी राहिली.

"मोजून बघू की मग. जिचं बरोबर, ती जाईल."

अव्वा आतून म्हणाली, आता पाखरंबी वाटून घ्या, जमिनीसारखी. पण कुणी हसलं नाही.

नियम अण्णानं ठरवले. जुन्या दुर्बिणीतून हर्षालीला चष्म्यामुळं दिसत नाही, तेव्हा दोघींनी नवीच वापरायची. एकच दुर्बीण म्हणजे कुणाची तक्रार नको. एकीनं मोजून आकडा त्याच्या कानात सांगायचा, मग दुसरीनं. त्याच वेळी तो लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राकडून आणलेल्या लांब भिंगाच्या कॅमेऱ्यानं कळपाचा फोटो काढणार, आणि घरी लॅपटॉपवर एकेक पाखरू मोजणार. शिवरंजनीला यात खोट काढता येईना. स्वतः परीक्षा घेतली असती तर तिनंही हेच नियम केले असते. दुर्बिणीचं काय झालंय ते सांगावं, तर ते आपल्याला कधीपासून माहीत आहे हेही सांगावं लागलं असतं. तिनं मान हलवली.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं. ऊन पाण्यावरून सरळ डोळ्यांत येत होतं. हंस गाळावर डावीकडून उजवीकडं लांब रांगेत पसरले होते, आणि रांगेचं उजवं टोक नेमकं सूर्याखाली गेलं होतं. पहिली पाळी शिवरंजनीची. तिनं दुर्बीण लावली. डावीकडचे हंस इतके स्वच्छ दिसले की डोक्यावरचे पट्टे मोजावेत. ती दहा-दहानं पुढं सरकू लागली. अर्ध्यावर गेल्यावर चित्रात पांढुरकं झालं. आणखी पुढं गेल्यावर दूध सांडलं. हंस त्या दुधात होते, हलत होते, पण दोन कुठले आणि तीन कुठले ते सुटं होईना.

तिच्या कोपराला कसलासा मऊ स्पर्श झाला. हर्षाली तिच्या शेजारी उभी होती, हातात ओढणी.

"ही घ्या वरून. सावलीला या इकडं बाभळीखाली," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला सवय झालीया, म्हणून सांगते. असं धरलं की उजवीकडचे सुटे दिसतात."

अण्णा कॅमेऱ्यात डोळा घालून बसला होता, त्याला ऐकू गेलं नसावं. शिवरंजनीनं वळून वैनीकडं बघितलं. त्या चेहऱ्यावर काही लपवलेलं नव्हतं. तिला शंका होती का, कळलं होतं का, की नुसती माया होती, हे शिवरंजनी कुठल्याच पट्टीनं मोजू शकली नसती. बाभळीची सावली दहा पावलांवर होती. ओढणी तर हातातच दिली होती.

"मला न्हाय लागत," ती म्हणाली.

ती उन्हातच उभी राहिली आणि पुन्हा दुर्बीण लावून शेवटपर्यंत गेली. मग अण्णाच्या कानात आकडा सांगून तिनं दुर्बीण वैनीच्या हातात दिली आणि पाठ फिरवून स्कुटीजवळ जाऊन बसली. हर्षाली बाभळीखाली गेली. ओढणी पुढं ओढून घेतली. तिला बराच वेळ लागला.

घरी आल्यावर अण्णानं फोटो लॅपटॉपवर उघडला, मोठा केला, आणि मोजलेल्या प्रत्येक हंसावर लाल ठिपका देत गेला. अव्वानं चहा आणून ठेवला, तो निवला. शिवरंजनी त्याच्या मागं उभी होती, हर्षाली दाराशी. त्यानं सगळे ठिपके पुन्हा एकदा डावीकडून मोजले आणि तिन्ही आकडे वाचून दाखवले.

फोटोत दोनशे अठरा. हर्षाली दोनशे अकरा. शिवरंजनी एकशे बासष्ट.